अक्काची मान

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांना मनातल्या मनात नमस्कार करून मी अक्काचं नाव घेतो. अक्का हे काही तिचं खरं नाव नव्हे. मद्रासच्या आमच्या गल्लीत सगळे तिला मामी म्हणत. मीही पहिल्या दिवशी तसंच म्हणालो, तर ती म्हणाली, "मामी सगळ्या गल्लीची. तू अक्का म्हण. आणि ते 'तुम्ही तुम्ही' नको, घरात तहसीलदार आल्यागत वाटतं मज."

आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं. वडील तालुक्याच्या मार्केट यार्डात हमाली करत. मी बारावी झाल्यावर हेडमास्तरांनी फिजिओथेरपी नावाचा एक अभ्यासक्रम असतो असं सांगितलं आणि चार ठिकाणी अर्ज करायला लावले. बोलावणं आलं ते एकट्या मद्रासहून. पत्र्याची पेटी घेऊन मी सेंट्रल स्टेशनवर उतरलो तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता आणि इंग्रजी येत होतं ते फक्त लिहिण्यापुरतं.

कॉलेजच्या ऑफिसात एक वयस्कर क्लार्क होते. अर्जावरचं माझं आडनाव वाचून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मराठी की? जेवलास की नाही?" मराठी होतं, पण मी कधी ऐकलं नव्हतं असं. तंजावरकडचं. त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि तिथलेच झाले, भाषा मात्र घरात सांभाळून ठेवली. शब्द जुने, सूर तमिळ. त्यांना पुढे मी मामा म्हणू लागलो. संध्याकाळी मामा मला शहरातल्या तिरुवल्लिक्केणी भागातल्या त्यांच्या घरी घेऊन गेले आणि दारातूनच बायकोला म्हणाले, "हा मुलगा इथेच राहिला तर चालेल ना?"

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोकं एकदा या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे झुलवलं. मला वाटलं, नाही म्हणाली. मी मुकाट्यानं पेटी उचलली आणि वळलो.

"अय्यो, कोठे चालला हा?" ती ओरडली. "होय म्हटलं की मी!"

मामा इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. त्या घरात मग मी शिक्षण संपेपर्यंत राहिलो. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पहिल्या वर्षी शरीररचना हा विषय होता. सर भराभर इंग्रजीत बोलत. मी जमेल तसं उतरवून घेई आणि रात्रीच्या जेवणाआधी स्वयंपाकघराच्या दारात बसून मोठ्यानं पाठ करी. अक्का आट्टुक्कलवर, म्हणजे इडलीचं पीठ वाटायच्या दगडावर, बसलेली असे. एक दिवस ती म्हणाली, "नुसतं घोकतोस काय? मज सांग की त्याचा अर्थ." ती पाचवीपर्यंत तमिळ शाळेत शिकलेली. तिला इंग्रजीत सांगून उपयोग नव्हता, म्हणून मला मराठीत सांगावं लागलं, आणि मराठीत सांगायचं तर आधी मला समजावं लागलं. मी पास झालो तो तिथे.

मान आली तेव्हा ती खूश झाली. मानेत सात मणके, असं मी सांगितलं. जिराफाच्याही मानेत सातच, हेही सांगितलं.

"एवढ्या लांब मानेत सातच?"

"सातच. फक्त लांबलांब."

"पाप, बिचारा! त्याच्या घशात घास अडकला तर उतरायला उद्या होईल."

मग मी पहिले दोन मणके सांगितले. पहिला म्हणजे बांगडीसारखं कडं, त्यावर कवटी टेकलेली. दुसऱ्याला वरच्या बाजूला हाडाची एक खुंटी, ती त्या कड्यात शिरलेली. खुंटीच्या मागून एक चिवट पट्टा जातो आणि तिला जागेवर आवळून धरतो, कारण पट्ट्याच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो. मान खाली-वर हलते ती कवटी आणि कडं यांच्या सांध्यात. मान डावी-उजवी वळते ती कडं आणि खुंटी यांच्या सांध्यात. सर वर्गात म्हणाले होते, वरचा 'येस जॉइंट', खालचा 'नो जॉइंट'. एक होकाराचा सांधा, एक नकाराचा.

अक्कानं वाटणं थांबवलं. डोकं दोन्ही खांद्यांकडे झुलवलं आणि विचारलं, "मग हे? आमचं होय कोठून येतं?"

दुसऱ्या दिवशी मी धीर करून सरांना विचारलं. वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. त्यांनी स्वतःची मान झुलवून पाहिली आणि म्हणाले, ते खालच्या पाच मणक्यांतून येतं, सगळे थोडेथोडे कलतात. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अक्का मामांना म्हणाली, "पाहिलंत? तिकडच्या लोकांचं होय एकटा सांधा म्हणतो. आमचं होय सगळे मिळून म्हणतात."

प्रात्यक्षिकाची परीक्षा जिवंत माणसाच्या अंगावर होई. हाड, स्नायू बोटांनी शोधून दाखवायचे. सरावाला मान हवी होती, ती अक्कानं दिली. खुर्चीत बसून ती म्हणे, "हं, शोध." तिला तोंड डावीकडे वळवायला सांगितलं की कानामागून गळ्याच्या खाचेपर्यंत जाणारा उजवा स्नायू दोरीसारखा उभा राही. मानेच्या तळाशी सातव्या मणक्याचा उंचवटा होता आणि तिच्या मंगळसूत्राचा हळदीनं पिवळा झालेला दोरा बरोबर त्यावर टेकलेला असे. ते मणके मोजताना मला वडिलांची मान आठवे. पोत्यांनी तिथे घट्टा पडून उंचवटा लागतच नसे. हे मी अक्काला सांगितलं. सुटीत गावी निघालो तेव्हा तिनं तिळाच्या तेलाची बाटली दिली. "बाबांच्या मानेस लाव," म्हणाली. "नुसतं देऊ नको. स्वतः लाव."

तिला सांध्यांचं जुनं दुखणं होतं. बोटांचे सांधे सुजून बोटं एका बाजूला कलली होती. सकाळी तिला डब्याचं झाकण उघडता येत नसे. पण दारात सडा घालून पिठाचं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, ती रोज काढी. चिमटीत पीठ कसं राही कुणास ठाऊक, पण रेघ सरळ पडे. तिथल्या बायका कोलम बसून काढत नाहीत. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकतात, मान पूर्ण खाली घालतात आणि तशाच मागे सरकत जातात. अक्काचं कोलम पाहायला शेजारच्या गल्लीतून बायका येत. ती दुसऱ्या कशाचीही फुशारकी मारत नसे, याची मारी.

मी तिसऱ्या वर्षाला होतो. पावसाळ्याचे दिवस होते. मद्रासला पाऊस पडतो तो दिवाळीच्या सुमाराला. घराच्या भिंती ओल्या, दाराचं लोखंडी ग्रील ओलं, पायरी ओली. एका सकाळी अक्का कोलम काढता काढता "अय्यो!" म्हणून मागे सरकली. पायांपर्यंत झटका आला म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मामांनी निदान केलं: दारावरच्या नव्या दिव्याचा करंट ओल्या भिंतीतून ग्रीलमध्ये उतरलाय. ते पटण्यासारखंच होतं. ग्रीलला हात लावायचा नाही, असं आम्हा सगळ्यांना बजावण्यात आलं. अक्का रबरी चपला घालून कोलम काढू लागली. दारातल्या कोलमाशी चपला घालून जायची तिला इतकी लाज वाटे की आधी दाराची क्षमा मागे.

कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन आला. त्यानं टेस्टर लावला, दिवा काढला, वायर बदलली. शेवटी वैतागून मेन स्विच बंद केला आणि तमिळमध्ये म्हणाला, "मामी, आता वाका."

ती वाकली आणि "अय्यो!" म्हणून उभी राहिली.

"मामी, सगळ्या घराची वीज बंद आहे. करंट तुमच्या अंगातच तयार होत असेल तर वीज बोर्डाला कळवा. मामांचं बिल तरी वाचेल."

सगळे हसले. मामा हसले, मी हसलो, डोळे पुसत सगळ्यांत जास्त ती हसली.

त्यानंतर काही दिवसांनी वर्गात सांध्यांच्या आजारावर व्याख्यान होतं. सर सांगत होते की हा आजार केवळ बोटांत थांबत नाही. वर्षानुवर्षं राहिला तर मानेतल्या त्या खुंटीमागचा पट्टाही सैल करतो. मग माणूस मान खाली घालतो तेव्हा कडं पुढे सरकतं आणि मागे राहिलेली खुंटी मज्जारज्जूवर दाबते. रुग्ण म्हणतो, वाकलं की विजेचा झटका पाठीतून पायांत जातो.

पुढचं मी ऐकलं नाही. तास सुटल्यावर सरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही लोकांनी वायर बदलली?" मग माझा चेहरा पाहून त्यांनी लगेच हाडांच्या सर्जनना चिठ्ठी लिहून दिली.

एक्स-रे दोन काढले, एक मान सरळ ठेवून आणि एक मान जराशी झुकवून. सर्जननी दोन्ही फिल्म उजेडासमोर धरल्या. मला दाखवायची गरज नव्हती. दुसऱ्या फिल्ममध्ये कडं आणि खुंटी यांच्यात जी फट दिसत होती ती तिथे असायला नको होती. ते सौम्य स्वभावाचे गृहस्थ होते. अक्काला त्यांनी तमिळमध्ये नीट समजावून सांगितलं. कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन पहिले दोन मणके तारेनं एकमेकांना बांधायचे. तोवर गळ्यात कॉलरचा कडक पट्टा, आणि वाकायचं नाही. वाकलात तर हातपाय जातील, कदाचित श्वासही.

"बांधल्यावर मान हलेल?" अक्कानं विचारलं.

"खाली-वर थोडी हलेल. बाजूला वळणं मात्र निम्मं कमी होईल."

ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "म्हणजे तो नकाराचा सांधा ना रे? जाऊ दे. मी कधी कुणास नाही म्हटलं?"



पण त्या दिवशी तिनं सर्जनना नाही म्हटलं. ते म्हणाले, दोन आठवड्यांत करू. ती म्हणाली, पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, झाल्यावर. कारण त्याआधीचा मार्गळी महिना लागत होता. मार्गळीत तिथे सूर्य उगवायच्या आत दारोदार कोलम काढतात, वर्षातली सगळ्यांत मोठी. मधे भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. महिनाभर अख्खी गल्ली त्यासाठी उठते. "लग्न झाल्यापासून माझं दार मार्गळीत रिकामं राहिलं नाही," ती म्हणाली. मी समजावलं, मामांनी समजावलं. मामांचं समजावणं म्हणजे तिच्याजवळ बसून राहणं. शेवटी तोड निघाली ती अशी की ती गळ्यात पट्टा घालून खुर्चीत बसेल, आणि कोलम मी काढीन.

माझी रेघ म्हणजे बैलानं मुतत चालावं तशी. "अरे, ठिपक्याला वळसा घाल, त्याच्या अंगावरून काय जातोस!" ती खुर्चीतून ओरडे. तिला मान वळवता येत नसे म्हणून सगळं अंग वळवून पाही. देवळात निघालेल्या बायका थांबत. "मामी, नवी सून आणली वाटतं? मिशी असलेली?" अक्का म्हणे, "असू दे. हुंडा न घेता आणली अहे." महिना सरत आला तसा माझा हात थोडा बसला. एकदा तिनं माझं कोलम बराच वेळ पाहिलं आणि काही चूक काढली नाही. पदवीच्या निकालानं मला तेवढा आनंद झाला नाही.

पोंगलच्या सणात तिसऱ्या दिवशी दारात रथाचं कोलम काढतात. रथ घराकडे पाठ करून रस्त्याकडे निघालेला असतो, आणि त्याची दोरी रेघेनं ओढत नेऊन शेजारच्या दारातल्या रथाला जोडायची असते. शेजारीण आपली दोरी तिच्या शेजारणीच्या रथाला जोडते. असे गल्लीतले सगळे रथ एका दोरीत बांधले जातात. ऑपरेशनची तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यातली होती.

सणाच्या दिवशी वॉर्डातली ड्युटी बाहेरगावच्या मुलांना लागे. मी पहाटेच निघालो. "रथाचं काय?" मी विचारलं. "शेजारची मुलगी काढणार अहे. तू जा," अक्का म्हणाली.

शेजारची मुलगी आली होती, पण तिला रथ येत नव्हता. मामा आंघोळीला गेले होते. अक्कानं पट्टा काढून खुर्चीवर ठेवला. हे मला नंतर त्या मुलीनं रडत रडत सांगितलं. अक्कानं चाकं काढली, कळस काढला, घोडे काढले. "मामी छान दिसत होत्या," असं ती मुलगी म्हणाली. मग दोरी ओढत ती मागे मागे सरकत गेली आणि शेजारच्या पायरीपासून हातभर अंतरावर खाली बसल्यासारखी झाली आणि आडवी झाली. ओरडली नाही.

मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. रथ दारात होता. दोरी जिथे थांबली तिथे पिठाचा छोटा ढीग सांडलेला होता. शेजारीण स्वतःच्या पायरीवर काठी घेऊन बसली होती आणि त्यावरून कुणाला जाऊ देत नव्हती, गाईलाही नाही.

ऑपरेशन केलं, पण मज्जारज्जूला व्हायचं ते झालं होतं. अक्काचे हातपाय गेले. कवटीला चिमटा लावून वजन टांगलेलं, मान जराही हलवायची नाही. बोलता येत होतं, हळू. होय म्हणायचं असेल तर ती पापण्या मिटे. मी पहिल्यांदा समोर उभा राहिलो तेव्हा म्हणाली, "आता होय पण नाही, आणि नाही पण नाही." मी रोज ड्युटीनंतर तिची बोटं हलवी, एकेक सांधा, आखडू नयेत म्हणून. ती कललेली, सुजलेली बोटं. तिला ते कळत नसे. ती विचारी, "कोणतं बोट धरलंस?" मी सांगे. "बरं अहे," ती म्हणे.

शेवटची परीक्षा जवळ आली होती. एक दिवस ती म्हणाली, "म्हणून दाखव."

"काय?"

"मान."

मी म्हटलं, दुसरं काहीतरी म्हणतो, हात, पाय, गुडघा.

"मान म्हण. पास व्हायचं अहे ना?"

मी तिच्या उशाशी उभा राहून म्हणू लागलो. सात मणके. कडं. खुंटी. पट्टा. मग मानेतून निघणाऱ्या नसा. तिसरी, चौथी आणि पाचवी नस मिळून छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला जातात, इथे आलो आणि थांबलो.

ती म्हणाली, "म्हणजे त्या माझ्या अजून अहेत तर. पुढे?"

मी पास झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी मिळाली ती माझ्याच जिल्ह्यातल्या दवाखान्यात, आणि घरी वडिलांचं काम सुटलं होतं, तेव्हा जाणं भाग होतं. अक्काला घरी आणलं होतं. मामांनी तिचा पलंग पुढच्या खोलीत, दार दिसेल असा लावला. निघताना मी पेटी उचलली. तिनं पापण्या मिटल्या.

खाली दिलंय ते पत्र मी गावाहून तिला पाठवलं. मामांनी ते तिला वाचून दाखवलं, पुन्हा वाचायला सांगितलं म्हणून पुन्हा वाचलं. मार्गळी लागायच्या आधी तिची छाती भरली आणि ती गेली. मामांनी पत्र मला परत दिलं, ते माझ्याजवळ आहे.

तीर्थरूप अक्का,

मामा तुला हे वाचून दाखवतील. मामा, भराभर वाचू नका, तिला मधे बोलायचं असतं.

इथे मला एक खोली, एक टेबल आणि एक पंखा दिला आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी नाही म्हणून सांगतो, पण ऐकत नाहीत. बाबांच्या मानेला तेल लावतो, रोज, स्वतः. ते म्हणतात, मद्रासवालीचं बोलणं मोडू नको.

काल एक बाई आल्या होत्या. वय तुझ्याएवढं. बोटं तुझ्यासारखी. मान दुखते, मालीश करून द्या, म्हणाल्या. मी हात लावला नाही. आधी विचारलं, वाकल्यावर पायांत झटका येतो का? त्या चकित झाल्या. म्हणाल्या, येतो की, चुलीपुढे वाकलं की येतो, तुम्हाला कुणी सांगितलं? मी गळ्यात पट्टा बांधून त्यांना जिल्ह्याला पाठवलं. त्यांच्या मुलाला बजावलं की आजपासून आईला वाकू द्यायचं नाही, चुलीपुढेही नाही, देवापुढेही नाही. सण आला तरी नाही. मी जरा ओरडलोच.

मला कुणी सांगितलं ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतो. तू सांगितलंस.

अक्का, पोंगलला रजा मागितली आहे. रथ मला अजून येत नाही, घोड्यांचे पाय चुकतात. कागदावर सराव करतो आहे. तू पलंगावरून ओरड, मी काढीन, आणि दोरी शेजारच्या पायरीपर्यंत नेऊन जोडीन. तोवर त्यांना म्हणावं, आमची दोरी येते आहे.

चालेल ना? मामा, तिच्या पापण्यांकडे बघा आणि मला कळवा.

तुझा,
'होय' न समजून पेटी उचलून निघालेला